पांढरं दिसतंय का?

माझे मोठे काका, म्हणजे आम्हा सगळ्यांचे आप्पा, मालवाहू जहाजांवर तीस वर्षं होते. थर्ड मेटपासून सुरुवात, शेवटी कॅप्टन. गणपतीत सगळे जमलो की रात्री त्यांच्या गोष्टी व्हायच्या आणि त्यात हमखास आकडे असायचे. "जुलै महिना, सोकोत्राच्या जवळ नऊचा वारा लागला.." नऊ म्हणजे काय नऊ, हे कुणी विचारायचं नाही. ते झोपायला गेले की आमचे बाबा हळूच म्हणायचे, "गेल्या वर्षी आठचा होता." :)

गेल्या फेब्रुवारीत आप्पांना अलिबागला न्यायचं होतं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो पकडली. आप्पा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, काचबिंदूनं नजर बरीच गेली आहे. वरच्या डेकवर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "पांढरं दिसतंय का रे?"

मला आधी कळेचना. मग म्हटलं, "दिसतंय, अधूनमधून. लाटांच्या डोक्यावर फेस आहे."

"मोजता येईल इतकं, की जिकडंतिकडं?"

"मोजता येईल."

"तीन. फार तर साडेतीन. दहा नॉट धर."

फोनवर बघितलं तर वारा अकरा नॉट! मी चाट पडलो. घरी येऊन चार रात्री याच विषयावर वाचत बसलो, त्याचीच ही पोस्ट.

तर हे आकडे म्हणजे ब्यूफर्टची मोजपट्टी. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टनं जानेवारी १८०६ मध्ये, 'वुलिच' जहाजावर असताना, ती आपल्या डायरीत मांडली. गंमत म्हणजे तिच्यात नॉटही नव्हते आणि लाटाही नव्हत्या. नौदलानं १८३८ साली ती सक्तीची केली तेव्हा हिशोब होता शिडांचा, म्हणजे एवढ्या वाऱ्यात युद्धनौका किती शिडं उभी ठेवू शकेल. पुढं वाफेची जहाजं आली, शिडं गेली. मग वारा कशावरून ओळखायचा? यंत्रं होती, पण चालत्या जहाजावर यंत्राला जो वारा लागतो त्यात जहाजाचा स्वतःचा वेगही मिसळलेला असतो. १९२७ मध्ये पीटर पीटरसन या जर्मन कप्तानानं प्रत्येक आकड्यासमोर समुद्र कसा दिसतो ते लिहून काढलं. तीनला माथे नुकते फुटू लागतात, तुरळक फेस. पाचला फेस पुष्कळ. सातला फेसाचे पट्टे वाऱ्याच्या दिशेनं ओढले जातात. नऊला माथे कोसळायला लागतात. बाराला समुद्र सगळाच पांढरा. आप्पा शिकले ते हेच.

आता माझा खरा प्रश्न. लाट फुटते कशामुळे? इतकी वर्षं माझी समजूत होती की वारा मागून ढकलतो आणि शेंडा पुढं पडतो. ते पूर्ण खरं नाही. वारा लाटेला पोसतो, उंच आणि उभी करतो, अगदी जोराचा असेल तर शेंडे उडवतोही. पण लाट फुटते ती तिला स्वतःचा उभेपणा पेलवत नाही म्हणून.

याचं गणित केलं जॉर्ज स्टोक्स या आयरिश माणसानं. लहानपणी स्लायगोच्या किनाऱ्यावर पोहताना एका लाटेनं त्याला जवळजवळ ओढून नेलं होतं, असं सांगतात. १८८० मध्ये, केंब्रिजचा नामांकित प्राध्यापक, वय एकसष्ट, तो बूट-मोजे काढून, विजार वर खोचून समुद्रात उतरला. का, तर फुटणाऱ्या छोट्या लाटांच्या माथ्याच्या रेषेत उभं राहून तिथला कोन बघायला. त्यानं स्वतःच केल्व्हिनला पत्रात हे कळवलं आणि ही काही फारशी गणिती पद्धत नव्हे अशी कबुलीही दिली! त्याचं उत्तर आलं १२० अंश. माथा त्याहून टोकदार होऊ शकत नाही, कारण तिथलं पाणी लाटेच्याच वेगानं पळू लागलेलं असतं. त्याहून वेगात गेलं की ते लाट सोडून पुढं सांडतं. १८९३ मध्ये मेलबर्नच्या जॉन मिशेलनं आकडा काढला की खोल पाण्यात लाटेची उंची लांबीच्या साधारण एक सप्तमांशाच्या वर जात नाही.

पण खऱ्या समुद्रात बहुतेक लाटा या मर्यादेच्या आधीच फुटतात. २०१८ मधल्या एका अभ्यासात दिसलं की माथ्यावरचं पाणी माथ्याच्या वेगाच्या सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत पोचलं की ती लाट पुढं फुटणारच, परत फिरणं नाही.

मला सगळ्यात आवडलं ते १९७२ चं. डोनेलन, लाँगेट-हिगिन्स आणि टर्नर या तिघांनी फेसाची वेळ मोजली. लाटा जथ्यानं येतात आणि खोल पाण्यात जथा एकेका लाटेच्या निम्म्या वेगानं चालतो. मिरवणुकीत पोरं मागून पुढं पळत जातात ना, तसं. प्रत्येक लाट जथ्याच्या शेपटीला उगवते, मध्यावर सर्वांत उंच होते, पुढच्या टोकाला विरते. फुटायची ती मध्यावरच. म्हणून एक फेस दिसला की त्याच जथ्यातला पुढचा फेस येतो तो मात्र लाटांमधल्या वेळेच्या साधारण दुप्पट अंतरानं.

हे आप्पांना फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक सोडून एक. ब्रिजवरून बघताना वाटायचं खरं. पण लॉगमध्ये त्याला रकाना नव्हता."

आणि सोकोत्राचं? परवा त्यांची जुनी डायरी मागून घेतली. तारीख, जागा, नैऋत्य, ९. पुढं त्यांच्या बारीक अक्षरात "माथे कोसळताहेत, समोरचं धूसर". बाबांना फोटो पाठवला. निळ्या टिकल्या आल्या, उत्तर नाही.

परतीच्या फेरीत मी फेस मोजत बसलो होतो. दहा वेळा प्रयत्न केला, जमलं तीनदा. आप्पा म्हणाले, "अरे बोट चालतेय, कसं जमेल? मांडव्याला धक्क्यावर उभा राहून मोजायचं होतंस."