मुळा-मुठेवरील नावा व नावा बांधण्याच्या जागा

पुणें शहर नदीकाठीं वसलेलें आहे हें सांगावयास इतिहासकाराची गरज नाहीं. मुठेच्या काठचें जुनें कसबें, उत्तरेच्या अंगानें येणारी मुळा, दोहींचा संगम, आणि संगमाखालीं मुळा-मुठा हें जोडनांव धारण करून रांजणगांव सांडसापाशीं भीमेस मिळणारा प्रवाह, इतका भूगोल येथील शाळकरी मुलांसही पाठ असतो. परंतु या नद्यांवर नावा कोठें चालत, त्या कोठें बांधीत, आणि परगांवच्या मनुष्यास नावेंत बसावयाचें झाल्यास तो कोणत्या काठीं जाई, असा प्रश्न केला असतां उत्तरें दोन प्रकारचीं मिळतात. कोणी म्हणतात, पुण्यास नावा कधीं नव्हत्याच. कोणी पेशवाईंतील नौकाविहाराचीं रसाळ वर्णनें करितात. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष अर्धवट खरे आहेत. प्रस्तुत लेखांत आम्हांस प्रतिपादावयाचें आहे तें थोडक्यांत असें कीं, पुण्याची करमणुकीची नाव मोकळ्या वाहत्या नदीवर चाललेली नाहीं. ती अडविलेल्या पाण्यावर चालली. त्यांतही नदीवरील नावांस ज्या बांधानें जन्म दिला, तो बांध नावांसाठीं घातलेला नव्हता.

प्रथम शब्दांची साक्ष घेऊं. संस्कृतांत तॄ धातूचा अर्थ तरणें, पार जाणें. त्यापासून झालेला तीर्थ हा शब्द मुळांत नदी उतरून जाण्याच्या जागेचा वाचक आहे. पावित्र्याचा अर्थ त्यास मागाहून चिकटला. जेथें पार जाण्यासाठीं माणसें जमत, तेथेंच तीं स्नान करीत, देऊळ बांधीत, दान देत. अशा रीतीनें उताराचें देवस्थान झालें. अमरकोशाच्या वारिवर्गांत नौ, तरणि, तरि हीं नावेचीं नांवें दिलीं आहेत. उडुप व प्लव हीं तराफ्यासारख्या साधनांचीं. आणि नावाड्यास द्यावयाच्या मोलासाठीं आतर व तरपण्य असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत तरीचे दर सांगितले आहेत. गाडीस एक पण, ओझें वाहणाऱ्या पुरुषास अर्धा पण, पशूस व स्त्रीस पाव पण, आणि रिकाम्या हातानें जाणाऱ्या पुरुषास त्याच्याही निम्मा. कौटिल्यानें तर या सर्व व्यवहारावर नावध्यक्ष नांवाचा अधिकारी नेमिलेला आहे. तात्पर्य, आपल्या शास्त्रकारांच्या दृष्टीनें नदीवरील नाव ही मुख्यतः पार जाण्याची सोय होती, आणि राज्यास तिच्याशीं कर्तव्य होतें तें आतराच्या निमित्तानें.

देशावरील मराठींतही हाच अर्थ उतरलेला दिसतो. तर म्हणजे पैलतीरीं नेणारी नाव. उतार म्हणजे पायीं ओलांडतां येईल अशी जागा. जेथें तरही नाहीं व उतारही नाहीं, तेथें भोपळ्यांची सांगड. कृष्णाकाठीं ऊंस पिकतो, तिकडे गुळाची काहील पुराच्या दिवसांत होडीसारखी उपयोगांत आणीत. या यादींत लांबच्या जलप्रवासाचा किंवा मौजेचा शब्द एकही नाहीं. मचवा, गलबत, पडाव हीं नांवें किनाऱ्यावरचीं. तीं घांट चढून देशावर नांदावयास आलीं नाहींत.

याचें कारण नदीच्या स्वभावांत आहे. मुठा व मुळा या दोन्ही सह्याद्रींत उगम पावून थोड्याच कोसांत पुण्यास येतात. पावसाळ्यांत त्यांस लोंढा येतो. तो ओसरला म्हणजे काळ्या खडकाच्या पात्रांतून धार वाहते आणि उन्हाळ्यांत मधून मधून डोह तेवढे राहतात. नाव बांधावयाची तर पाण्याची पातळी वर्षांतून पुष्कळ काळ एकसारखी असावी लागते. आज ज्या पायरीस नाव लागली ती पायरी उद्यां दोन पुरुष पाण्याखालीं आणि चार महिन्यांनीं कोरड्या वाळूवर, अशी स्थिति असेल तर कायमचा धक्का उभा राहात नाहीं. म्हणून पुण्याच्या काठीं घाट झाले ते स्नानसंध्येचे. ओंकारेश्वराचा घाट पाहावा. तेथें देऊळ आहे, चिमाजी आप्पांची समाधि आहे. परंतु ती नावांची जागा नव्हे. घट्ट या संस्कृत शब्दापासून झालेल्या घाट या शब्दावरून नावांच्या धक्क्याची कल्पना करणें हें काशीच्या अनुभवावरून पुण्याविषयीं अनुमान बांधणें होय.

पार जाण्याची अडचण मराठी राज्यानें सोडविली ती नावांनीं नव्हे, पुलानें. पानिपतानंतर १७६१ सालीं मुठेवर लांकडी पूल झाला असें परंपरा सांगते. तो पूल पुढें पुरांत गेला, त्याच्या जागीं दगडी पूल आला, नवें नांवही मिळालें. तथापि पुणेकर त्यास अजून लकडी पूल म्हणतात. मोसम कोरडा असला म्हणजे पुलाचीही गरज पडत नसे. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं संगमावरील रेसिडेन्सी सोडून एल्फिन्स्टन व त्याची मंडळी खडकीच्या फौजेकडे निघाली, ती उतारानें नदी ओलांडून गेली. मागें रेसिडेन्सी जळाली. राजधानीच्या वेशीवर, पावसाळा सरून फार दिवस झाले नसतां, नदी पायउतार होती, हें आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्या लढाईइतकेंच लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मग पेशवाईंतील नौकाविहाराची कथा सर्वथा निराधार काय? तसें नाहीं. ती नदीची नसून तळ्याची आहे, इतकेंच. नानासाहेब पेशव्यांनीं पर्वतीच्या पायथ्याशीं आंबील ओढ्याचें पाणी अडवून विस्तीर्ण तळें करविलें. त्यांतील बेटावर सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, १७८४ सालीं, सिद्धिविनायकाची स्थापना झाली. तोच आजचा तळ्यांतला गणपति. या तळ्यांत पेशवे नावेंतून फिरत; आणि मसलतीचें बोलणें बाहेर फुटूं नये म्हणून मराठी न समजणारे हबशी वल्ह्यांवर बसवीत, अशी प्रसिद्ध आख्यायिका आहे. आख्यायिकेचा अक्षरार्थ कोणी घ्यावा, कोणी न घ्यावा. परंतु तिचें स्थळ मात्र बोलकें आहे. दारांतून नदी वाहत असतां श्रीमंतांस नावेसाठीं तळें शोधावें लागलें. तळें आतां नाहीं, त्या ठिकाणीं सारसबाग आहे. बेटावरचें देऊळ बागेच्या मध्यभागीं राहिलें आहे आणि भाविकांच्या तोंडीं ‘तळें’ हा शब्दही राहिला आहे.

नदीचें पाणी थांबलें तें इंग्रजी अमलांत. छावणीस पिण्याचें पाणी पुरेना, म्हणून संगमाच्या खालच्या अंगास, येरवड्याच्या वाटेवर, मुळा-मुठेस आडवा बांध घालण्यांत आला. तो १८५० सालीं पुरा झाला. खर्चाचा मोठा भाग मुंबईचे पारशी दानशूर सर जमशेटजी जिजीभाई यांनीं दिला, आणि त्यांचेंच नांव बांधास पडलें. या दानाचा हेतु तहानेल्यास पाणी देणें हा होता. परंतु बांधाचें दुसरें फळ असें झालें कीं, त्याच्या वरच्या बाजूस संगमाकडे पाणी तुंबून लांबलचक, संथ, एका पातळीचा फुगवटा तयार झाला. पुण्याच्या नदीस प्रथमच असा कांठ मिळाला कीं, जेथें नाव बांधून ठेवली असतां दुसऱ्या दिवशीं तरंगती सांपडेल.

बांधाच्या कडेस बाग झाली. लगतचा येरवड्याचा पूल १८६७ सालीं सुरू होऊन दोनएक वर्षांत पुरा झाला आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचें नांव त्यास मिळालें. याच सुमारास, १८६८ सालीं, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नौकामंडळाची स्थापना झाली. तेंच पुढें रॉयल कॅनॉट बोट क्लब म्हणून प्रसिद्धीस आलें. व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट हे १८८६ पासून १८९० पर्यंत मुंबई इलाख्याच्या सैन्याचे सरसेनापति होते; क्लबच्या नांवांत त्यांचें स्मरण आहे. आणि १८६८ हेंच मुंबई इलाख्याच्या तरींविषयींच्या कायद्याचेंही वर्ष आहे. सार्वजनिक तरी कोणत्या, त्यांवरील आकार किती, तो वसूल कोणीं करावा, याचे नियम त्यानें घालून दिले. एकाच वर्षीं शेतकऱ्याची तर कायद्याच्या वहींत नोंदली गेली आणि साहेबाची होडी बांधाच्या पाण्यावर उतरली. दोहोंचा कार्यकारणसंबंध आम्ही जोडीत नाहीं; परंतु नाव या एका शब्दाखालीं किती निराळ्या वस्तु एकत्र येतात हें यावरून दिसावें.

येथें एका नांवाची हकीकत सांगणें अवश्य आहे. बांध हा आपला शब्द. बंध् धातूपासून आलेला. इंग्रजांनीं आपल्या भाषेंत घेतांना त्याचा उच्चार बदलला आणि बांधाजवळच्या बागेस त्या बदललेल्या शब्दानें ओळखूं लागले. तो शब्द परत मराठींत आला तेव्हां त्याचें ‘बंड’ झालें, आणि बंडगार्डन हें नांव ऐकणारा मनुष्य कोणत्या बंडाची ही बाग म्हणून विचारूं लागला. बागेस पुढें महात्मा गांधींचें नांव दिलें गेलें. जवळच्या रस्त्यास मात्र लोक बोट क्लब रोडच म्हणतात. याप्रमाणें बांधाचें नांव बागेंत लपलें, नावांचें नांव रस्त्यास लागलें, आणि दोहोंचा संबंध विस्मृतींत गेला.

बांधाच्या या पाण्याचा लाभ एतद्देशीय तरुणांस मोठ्या प्रमाणावर झाला तो १९२८ पासून. १८५४ सालीं स्थापन झालेल्या येथील एंजिनिअरिंग कॉलेजची वास्तु संगमानजीकच आहे. विद्यार्थ्यांचा बोट क्लब १९२८ सालीं निघाला, आणि त्याची वार्षिक रिगाटा ही शहराची एक ओळखच होऊन बसली. शर्यतीच्या अरुंद शेल नावा, बांबूनें रेटण्याच्या सपाट तळाच्या पंट, एकट्यानें वल्हवावयाचे कयाक, त्यांच्या पाण्यावरील रचना व संध्याकाळच्या मशाली पाहावयास दोन्ही काठांवर दाटी होई. साहेबाच्या करमणुकीचें पाणी येथें विद्येचें व व्यायामाचें पाणी झालें, हें आम्ही या बांधाच्या इतिहासांतील मोठें स्थित्यंतर समजतों.

आतां उत्तरपक्ष. पाणी थांबलें म्हणजे नाव तरते हें खरें. परंतु थांबलेलें पाणी त्यांत पडेल तें सर्व धरून ठेवितें. मुठेवर खडकवासल्याचें धरण १८७९ च्या सुमारास पुरें झालें, आणि पुढें वरच्या खोऱ्यांत आणखी धरणें झालीं. पावसाळ्याखेरीज नदीस स्वतःचें वाहतें पाणी उत्तरोत्तर कमी राहिलें आणि वाढत्या शहराचें सांडपाणी अधिक होत गेलें. ज्या फुगवट्यांत एकेकाळीं पिण्याचें पाणी सांठविलें, त्यांतच मैला सांठूं लागला व जलपर्णी माजली. बांधानें नावांस जन्म दिला, आणि त्याच बांधाच्या संथपणानें त्यांचा मार्ग अडला. दापोडीच्या लष्करी एंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारांत शर्यतींसाठीं नदीपासून वेगळा जलमार्ग करण्यांत आला, आणि राष्ट्रीय स्पर्धा तेथें भरूं लागल्या. नाशिक जिल्ह्यांतील दुष्काळी भागांतून येऊन खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्यें भरती झालेले दत्तू भोकनळ पुण्यास लष्कराच्या याच केंद्रांत तयार झाले, आणि २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें एकेरी वल्हवणुकींत उतरले. पर्वतीच्या तळ्यापाशीं सुरू झालेली कथा अशा रीतीनें पुनः नदी सोडून खणलेल्या पाण्यावर आली आहे.

हा विचार केवळ कुतूहलाचा नाहीं. २०२२ सालीं पुण्याच्या नदीकाठ-सुधार योजनेची कोनशिला बसली. सुमारें ४४ किलोमीटर लांबीचा कांठ तींत येतो. घाट, फिरण्याचे मार्ग, नावा यांविषयीं पुष्कळ बोललें जातें, आणि त्यास जुन्या वैभवाचा आधार दिला जातो. जुनें वैभव कोणतें, हें सांगण्याचा अधिकार इतिहासाचा आहे. इतिहास सांगतो कीं, या नदीचे घाट नावांसाठीं नव्हते. नावा ज्या पाण्यावर चालल्या तें पिण्यायोग्य होतें म्हणूनच अडविलें गेलें होतें. आणि त्याची शुद्धता सरतांच नावाही सरल्या. प्रथम पाणी शुद्ध करणें आणि मग नावेचा खुंट रोवणें, हाच क्रम १८५० च्या बांधानें घालून दिला आहे. तो उलटविणारास पूर्वजांचें नांव घेतां येणार नाहीं.

आतां संग्राहकांस दोन शब्द. तरीचे ठराव, आताराच्या पावत्या व नावाड्यांचे करार यांस आपण बहुधा किरकोळ कागद समजून बाजूस टाकितों. ता. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरांत नदीकाठच्या पेठांतील वाडे पाण्यांत बुडाले आणि अनेक घरांचीं दप्तरें चिखलांत गेलीं. त्यांतून जें वांचलें तें उघडून पाहावें. बांधाच्या कामाचे हिशेब, क्लबचे नियम, रिगाटांचे कार्यक्रम, काठावरील नावांचीं छायाचित्रें, बोटघरांचे नकाशे यांच्या नकला करून त्या मंडळाकडे पाठवाव्यात, आणि प्रत्येक छायाचित्रामागें स्थळ व साल लिहावें. बांध व बाग यांचा संबंध शंभर-दीडशें वर्षांत लोकांच्या स्मरणांतून गेला. बोटघरें व पायऱ्या जाण्यास तितकाही काळ लागणार नाहीं. कांठ बदलण्यापूर्वीं त्याची नोंद झाली पाहिजे, आणि तें काम आपल्यासारख्यांचें आहे.