तिरुपूर : नदीच्या नाशातून उभे राहिलेले तंत्रज्ञान

बनियन आणि टी-शर्टच्या निर्यातीसाठी प्रसिद्ध असलेल्या तमिळनाडूतील तिरुपूर शहरात कापड रंगविणाऱ्या कारखान्यांना सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडण्यास मनाई आहे. ‘शून्य द्रव विसर्ग’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत येथे रुजली, ती मात्र उद्योजकांच्या पर्यावरणप्रेमातून नव्हे.

वेल्लिंगिरी डोंगरात उगम पावणारी नोय्यल नदी कोइम्बतूर, तिरुपूरमार्गे कावेरीस मिळते. सिंचनासाठी तिच्यावर ओरत्तुपाळयम येथे धरण बांधण्यात आले. प्रत्यक्षात ते रंगीत, खारट सांडपाण्याचे तळे ठरले. धरणातील पाणी सोडा, अशी मागणी शेतकरी नेहमीच करतात. येथे ते सोडू नका, असे सांगण्याची वेळ त्यांच्यावर आली.

मूळ अडचण मिठाची होती. सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगाच्या द्रावणात मोठ्या प्रमाणावर मीठ घालावे लागते. रंग धाग्यात मुरतो. मीठ मात्र जवळपास सगळेच पाण्याबरोबर बाहेर पडते. चुना आणि फेरस सल्फेट वापरून केलेल्या जुन्या प्रक्रियेने रंग कमी होई, विरघळलेले क्षार तसेच राहत. सांडपाण्यातील क्षारांची मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम आहे. ती पाळणे या मार्गाने शक्यच नव्हते.

शेतकऱ्यांच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये शून्य विसर्गाचा आदेश दिला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उद्योजकांना दिलासा नाकारला. तरीही पालन होईना, तेव्हा २८ जानेवारी २०११ रोजी उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक रंगकाम कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. हजारो कामगारांच्या हातचे काम गेले. त्याच वर्षी राज्य सरकारने सामायिक प्रक्रिया केंद्रांसाठी २०० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज जाहीर केले आणि रखडलेल्या प्रयोगांना वेग आला.

या केंद्रांत सांडपाणी प्रथम जैविक प्रक्रियेतून जाते. त्यानंतर उलट परासरणाच्या पडद्यांतून बहुतांश पाणी शुद्ध होऊन पुन्हा रंगकामाला मिळते. उरलेले तीव्र खारे पाणी आटविणे हा सर्वांत खर्चिक टप्पा. अरुळपुरम येथील केंद्रात तमिळनाडू वॉटर इन्व्हेस्टमेंट कंपनीने त्यावर साधा, पण मोलाचा उपाय अमलात आणला. खारे पाणी पूर्ण न आटविता त्यातील रंग आणि कठीणपणा काढून तेच मिठाचे द्रावण म्हणून रंगकामात परत वापरायचे. त्यामुळे आटवायचे पाणी घटले आणि विकत घ्यावे लागणारे मीठही.

तथापि, या यशाची किंमतही आहे. बाष्पकांच्या वाफेसाठी इंधन जाळावे लागते. म्हणजे नदीचा भार काही अंशी हवेवर जातो. रंगकामाचा दर वाढतो आणि जेथे नियम सैल आहेत, तेथील कारखान्यांशी स्पर्धा करणे तिरुपूरला जड जाते. बंदीनंतर काही काम शेजारच्या जिल्ह्यांत हलविले गेले, हे प्रश्न सुटल्याचे लक्षण म्हणता येणार नाही. शिवाय प्रक्रियेच्या शेवटी निरनिराळ्या क्षारांचे जे मिश्रण उरते त्याला ग्राहक नाही. ते गोण्यांत भरून, पावसात भिजू नये म्हणून शेडमध्ये साठवून ठेवावे लागते.