आजोबांचे गाव कोणते?

लोणावळ्यापासून दहा-अकरा किलोमीटरांवर कार्ल्याचे चैत्यगृह आहे. त्याच्या स्तंभांवर व भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा अत्तरे विकणारा सिंहदत्त, त्याच गावचा वेणुवासाचा मुलगा सामी नावाचा सुतार, तसेच धेनुकाकटहून आलेले काही यवन, अशी ती माणसे आहेत. नाव, वडील, गाव आणि व्यवसाय यांपैकी जे सांगण्याजोगे होते ते त्यांनी दगडावर सांगून ठेवले. घराण्याचा शोध घेणाऱ्यालाही शेवटी याच चार गोष्टी हव्या असतात. आज त्याच मावळात राहणाऱ्या आम्हां कॅथलिकांपैकी किती जणांना आपल्या पणजोबांविषयी या चार गोष्टी सांगता येतील?

हा प्रश्न आम्हांला विशेष लागू पडतो, कारण लोणावळ्याचा कॅथलिक समाज बहुतांशी बाहेरून आलेल्यांचा आहे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. बोरघाटाचे अवघड काम त्यानंतरही चालू राहिले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबई व पुणे ही शहरे सलग लोहमार्गाने जोडली गेली. या घाटात २५ बोगदे खोदावे लागले. १८६१ च्या सुमारास कामावरील मजुरांची संख्या ४२,००० च्या वर गेली होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येऊन थोड्याच आठवड्यांत वारले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट आपल्याकडे घेऊन काम तडीस नेले. ट्रेडवेल दांपत्याचे नाव इतिहासात राहिले. पटकीने आणि तापाने दगावलेल्या मजुरांची नावे मात्र कोणी कोरून ठेवली नाहीत.

पुढे लोणावळ्यात रेल्वेचा इंजिन कारखाना व वसाहत उभी राहिली. जुन्या गॅझेटियरांत या वसाहतीबरोबर येथील कॅथलिक व प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिरांचाही उल्लेख येतो. इंजिनचालक, फिटर, गार्ड, कारकून, स्वयंपाकी आणि वाद्ये वाजवणारे असे नाना व्यवसायांचे लोक आले. कोणी गोव्याचे, कोणी वसई-साष्टीचे, कोणी अँग्लो-इंडियन, तर कोणी अहमदनगरकडचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. टाटांच्या वीजयोजनेसाठी वळवण व शिरोटा येथे धरणे बांधली गेली आणि १९१५ साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. १९४५ साली नौदलाचे 'शिवाजी' प्रशिक्षण केंद्र आले. प्रत्येक टप्प्यावर नवी कुटुंबे येत राहिली. पहिली पिढी दर वर्षी गावी जात असे, दुसरी लग्नकार्यापुरती गेली आणि तिसरीला गावाचे नाव तेवढे ठाऊक राहिले. आता चौथी पिढी पुण्यात, मुंबईत किंवा परदेशात आहे आणि "आमचे मूळ गाव कोणते?" असे विचारते आहे.

हिंदू कुटुंबांना नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा आधार असतो. काही घराण्यांनी आपले कुलवृत्तांतही छापले आहेत. आमचा आधार म्हणजे धर्मग्रामाची नोंदवही. विवाहाची नोंद ठेवण्याचा नियम त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली घालून दिला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातील कुटुंबांची स्थिती अशा पाच वह्या ठेवण्यास सांगितले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाचे नाव, जन्माची व बाप्तिस्म्याची तारीख, आईवडिलांची नावे, धर्मपिता व धर्ममाता आणि संस्कार देणारे धर्मगुरू ही माहिती मिळते. कित्येकदा वडिलांचा व्यवसाय व मूळ गावही सापडते.

या वहीचा समास नीट पाहावा, अशी आमची वाचकांना खास सूचना आहे. १९०८ च्या ईस्टरपासून लागू झालेल्या आज्ञेनुसार विवाह कोठेही झाला तरी त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ वहीत व्हावी, असा नियम झाला. समजा, लोणावळ्यात जन्मलेल्या एका मुलीचा विवाह भुसावळला झाला. तेथील धर्मगुरूंनी कळवल्यावर लोणावळ्याच्या वहीत तिच्या नावाशेजारी पतीचे नाव, ठिकाण आणि तारीख लिहिली जाई. सासरी गेलेली आजी कागदोपत्री हरवते, अशी आपली तक्रार असते. या समासात ती पुन्हा भेटू शकते. धर्मपिता व धर्ममाता यांच्या नावांकडेही दुर्लक्ष करू नये. ते बहुधा नात्यातले किंवा गावाकडचे असत आणि त्यांच्या मागाने मूळ गावापर्यंत पोहोचता येते.

शोधाची सुरुवात मात्र घरातूनच करावी. वृद्धांशी बोलावे आणि बोलणे तारखेसह लिहून ठेवावे. जुन्या छायाचित्रांच्या मागील मजकूर, प्रार्थनापुस्तकात जपलेली मृतांची स्मरणपत्रे, लग्नपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले आणि रेल्वेची निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पाहावीत. त्यानंतर धर्मगुरूंना लेखी विनंती करावी. तीत नाव, आईवडिलांची नावे आणि अंदाजे वर्ष द्यावे. "आमच्या घराण्याचे जे असेल ते द्या" असे लिहिल्यास उत्तर मिळणे कठीण, कारण फादर ही वही आपली इतर कामे सांभाळून पाहतात. जुन्या वहीची पाने स्वतः हाताळण्याचा आग्रह धरू नये.

अपेक्षित वहीत नाव सापडले नाही तर निराश होण्याचे कारण नाही. धर्मग्राम स्वतंत्र होण्यापूर्वी तेथील लोकांच्या नोंदी मातृधर्मग्रामाच्या वहीत होत. पुण्यात पेशवे सवाई माधवरावांनी आपल्या पदरच्या ख्रिस्ती लोकांना दिलेल्या जागेवर १७९२ साली चर्च उभे राहिले. पुणे धर्मप्रांताची स्थापना १८८६ ची आहे. मुंबईकडच्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे १७९४ पासून काही चर्चे गोव्याच्या पाद्रोआदो सत्तेखाली, तर काही रोमच्या प्रोपगांदाखाली होती आणि हा दुहेरी कारभार १९२८ साली संपला. त्यामुळे एकाच वस्तीतल्या दोन भावांच्या मुलांची नावे दोन निरनिराळ्या चर्चमध्ये असू शकतात. अहमदनगरकडील धर्मग्राम १९८७ साली नाशिक धर्मप्रांतात गेले आणि वसईचा वेगळा धर्मप्रांत १९९८ साली झाला. धर्मप्रांत बदलला तरी वही साधारणतः त्या त्या चर्चमध्येच राहते, म्हणून पहिली चौकशी तेथेच करावी.

जुन्या नोंदी बहुधा लॅटिनमध्ये असतात. 'जॉन' तेथे 'योआन्नेस' होतो आणि 'जोसेफ' हा 'योसेफुस' होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंत आपल्या भागात जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी सेवा केली. त्यांनी मराठी गावांची नावे आपल्या कानाला जशी ऐकू आली तशी रोमन लिपीत लिहिली. असे नाव मोठ्याने वाचून पाहावे, म्हणजे उलगडा होतो. 'वडगाव' सापडले म्हणून ते वडगाव मावळच आहे, असे धरून चालू नये. महाराष्ट्रात वडगावे पुष्कळ आहेत.

गोव्याच्या कुटुंबांसाठी पणजीचे पुराभिलेखागार हा मोठा आधार आहे. त्याची परंपरा १५९५ पासूनची असून इतिहासकार दियोगु दु कोतु हे त्याचे पहिले प्रमुख होते. पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्रही अभ्यासकांना उपयोगी पडते. येथे एक सावधगिरी बाळगावी. गोव्यात बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूंचे आडनाव घेण्याची चाल होती. त्यामुळे दोन 'डिसोझा' घराणी रक्ताच्या नात्याची असतीलच असे नाही. आडनावापेक्षा गाव आणि वाडा यांवर अधिक भरवसा ठेवावा.

अँग्लो-इंडियन व युरोपीय रेल्वे कुटुंबांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसची दप्तरे महत्त्वाची आहेत. त्यांत मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या नोंदी अठराव्या शतकाच्या आरंभापासून आहेत. १९९८ साली स्थापन झालेली 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' ही संस्था अशा शोधास मदत करते. परंतु या दप्तरांत साहेब जितका सापडतो तितका गँगमन सापडत नाही. गँगमनच्या नातवाने तालुक्याच्या अभिलेख कक्षातील जन्म-मृत्यूच्या जुन्या गावनोंदी आणि मूळ गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे.

अहमदनगरकडून आलेल्या मराठी कुटुंबांविषयी आम्हांला थोडे मनापासून लिहायचे आहे. त्यांच्यासाठी केंदळ, वळण, संगमनेर आदी जुन्या मिशनकेंद्रांच्या वह्या आहेत. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली सुरू केलेल्या 'निरोप्या'चे जुने अंक हाही एक ठेवा आहे. प्रौढ व्यक्तीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत कधी तिचे पूर्वीचे नाव, वय आणि जातही लिहिलेली असते. शोध घेता घेता त्या ओळीपाशी काही जण थांबतात आणि वही मिटतात. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानंतर ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती उरल्या नाहीत. त्यामुळे कित्येक घरांत चर्चमधले नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे, असे चालत आले. शोधकाने दोन्ही नावांनी शोध घ्यावा, हा यातला व्यवहार झाला. त्यामागे पिढ्यांचे दुःख आणि भीतीही आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून हयात माणसांची माहिती त्यांच्या संमतीवाचून छापू नये आणि कोणाकडे पाठवूही नये.

तरीही घरच्या घरी ही ओळ खोडू नये, असे आम्हांला वाटते. मत्तयच्या शुभवर्तमानाची सुरुवात वंशावळीने होते. तिच्यात तामार आहे, राहाब आहे, परक्या मवाब देशाची रूथ आहे. एखाद्या कुलाभिमानी लेखकाने ही नावे गाळली असती. शुभवर्तमानकाराने ती ठेवली आणि आपण ती नाताळच्या दिवसांत उपासनेत मोठ्याने वाचतो. मग ज्या पणजोबांनी गावकुसाबाहेरून येऊन, सगळ्यांचा रोष पत्करून बाप्तिस्मा घेतला, त्यांचे नाव लपवण्याचे कारण काय? घराण्यात कोणी युरोपीय पूर्वज सापडतो का, हे आपण हौसेने शोधतो. बोरघाटात सुरुंगाच्या धुरात दगड फोडणारा पूर्वज सापडला तर तोही तितक्याच मानाने वंशावळीत लिहावा.

एक काम मात्र तातडीचे आहे. मावळचा पाऊस दगडालाही सोडत नाही. दफनभूमीतील जुन्या शिळांवरील अक्षरे दर पावसाळ्यात थोडी थोडी पुसली जातात आणि जागेअभावी जुन्या कबरींच्या जागी नवी दफने होतात. मृत भाविकांच्या स्मरणाच्या २ नोव्हेंबर या दिवशी आपण मेणबत्त्या व फुले घेऊन जातोच. या वर्षी सोबत एक वहीही न्यावी. आपल्या घरच्या आणि शेजारच्या दोन कबरींवरील मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा, छायाचित्रे काढावीत आणि एक प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयात द्यावी. शेजारच्या कबरीवर मेणबत्ती लावायला आता कोणी येत नसेल, तर तिचा मजकूर आधी उतरवावा.

त्याच संध्याकाळी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसून चार गोष्टी विचाराव्यात: नाव, वडिलांचे नाव, गाव आणि व्यवसाय. कार्ल्याच्या सामी सुताराने तेवढ्याच सांगितल्या होत्या. आपल्या आजोबांच्या बाबतीत त्या सांगणारी माणसे आज घरात आहेत, तोवरच त्या लिहून घ्यायला हव्यात.