अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत वापरतो. तिच्यातली गंमत बाजूला ठेवली, तर उरते ती एक जुनी सामाजिक नोंद: शरीराचे काही भाग असे असतात, की तिथे काही झाले तर आधी दुखणे नव्हे, लाज आवरावी लागते. वृषणाच्या कर्करोगाचा इतिहास वाचताना ही म्हण पुन्हा पुन्हा आठवते. गेल्या शतकात वैद्यकशास्त्राने घनगाठींच्या कर्करोगांविरुद्ध जे मोठे विजय मिळवले, त्यांत याचे स्थान फार वरचे आहे. तरीही या विजयातली पहिली पायरी आजही डॉक्टरच्या हातात नाही, रुग्णाच्या बोटांत आहे.

हा आजार एकंदरीत विरळा. पण तो गाठतो तो पंधरा ते पस्तीस-चाळीस या वयातल्या पुरुषांना, म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न यांच्या ऐन धामधुमीत. नॉर्वे, डेन्मार्क या देशांत त्याचे प्रमाण जास्त, भारतात पुष्कळ कमी. जन्मतः वृषण पोटातून खाली उतरलेले नसेल, तर धोका वाढतो. गाठ वृषणापुरती असताना शस्त्रक्रियेने अनेक जण पूर्वीही वाचत. पण रोग पोटातल्या लसिकाग्रंथींच्याही पलीकडे, फुप्फुसांपर्यंत पोचला, की १९७०पूर्वी दहातला एखादाच बरा होई. ब्रायन पिकोलो हा शिकागो बेअर्स संघाचा अमेरिकन फुटबॉलपटू १९७०च्या जूनमध्ये सव्वीसाव्या वर्षी गेला. त्याची गाठ छातीत सापडली होती, पण ती याच जातकुळीतली, बीजपेशींची. त्याच्यावरचा चित्रपट पुढच्याच वर्षी आला आणि अमेरिकेतली घरेच्या घरे रडली. उपचार मात्र तेव्हा जवळजवळ नव्हताच.

तो आला अगदी आडवाटेने. मिशिगन स्टेट विद्यापीठातले बार्नेट रोझेनबर्ग मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. विभागणाऱ्या पेशीचे चित्र त्यांना चुंबकाभोवती मांडल्या गेलेल्या लोहकिसासारखे दिसले, आणि विद्युतक्षेत्राचा पेशीविभाजनावर काय परिणाम होतो हे पाहावे असे त्यांच्या मनात आले. प्रयोगासाठी त्यांनी ई. कोलाय जिवाणू घेतले आणि विद्युतप्रवाहासाठी प्लॅटिनमच्या पट्ट्या, कारण प्लॅटिनम कशातही विरघळत नाही असा समज. जिवाणू विभागायचे थांबले, पण वाढायचे थांबले नाहीत. काही तर नेहमीच्या तीनशे पट लांब झाले. ही किमया विजेची नव्हती. पट्ट्यांमधून सुटलेल्या प्लॅटिनमची द्रवात संयुगे तयार झाली होती. १९६५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या संयुगांतले सर्वांत प्रभावी, सिस्प्लॅटिन, मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८४०च्या दशकातच तयार केले होते. सव्वाशे वर्षे ते रसायनशास्त्राच्या पुस्तकांत पडून होते. १९६९पर्यंत उंदरांमधल्या गाठी त्याने विरघळतात हे दिसले.

माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा हे औषध टाकून द्यायची वेळ आली होती. मूत्रपिंडे निकामी होत, उलट्या थांबत नसत. शिरेतून भरपूर द्रव देत राहिले तर मूत्रपिंडे वाचवता येतात, हे कळल्यावर मार्ग मोकळा झाला. इंडियाना विद्यापीठातल्या लॉरेन्स आइनहॉर्न या तरुण डॉक्टरांनी १९७४ साली सिस्प्लॅटिनला दोन औषधांची जोड दिली. त्यांतले ब्लिओमायसिन जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी मातीतल्या जिवाणूपासून मिळवलेले. दुसरे विनब्लास्टिन, ते आपल्या अंगणातल्या सदाफुलीचे. मधुमेहावर सदाफुलीची पाने खाणारे लोक आपल्याकडे आहेत, तसे जमैकातही होते. तो समज तपासताना कॅनडातल्या नोबल आणि बीअर या संशोधकांना दिसले, की उंदरांच्या रक्तातली साखर हलत नाही, पण पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. मधुमेहाचे औषध शोधता शोधता कर्करोगाचे औषध हाती लागले.

आइनहॉर्न आणि शल्यविशारद जॉन डोनोह्यू यांनी १९७७ साली निष्कर्ष मांडले. रोग शरीरात पसरलेल्या सत्तेचाळीस रुग्णांपैकी चौऱ्याहत्तर टक्क्यांमध्ये तो पूर्णपणे दिसेनासा झाला होता. १९७८च्या अखेरीस अमेरिकेने सिस्प्लॅटिनला मान्यता दिली. पुढे विनब्लास्टिनची जागा इटोपोसाइडने घेतली. आज पसरलेल्या अवस्थेतही पाचांतले सुमारे चार रुग्ण बरे होतात. गाठ वृषणापुरती असताना सापडली, तर जवळजवळ सगळेच.

मग प्रश्न उरतो लवकर ओळखण्याचा. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने वृषणाची सूज अंगावर काढली, सायकलच्या सीटवर तासन्‌तास बसणाऱ्याला एवढे व्हायचेच, असे मानून. ऑक्टोबर १९९६मध्ये निदान झाले तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता आणि रोग पोट, फुप्फुसे, मेंदूपर्यंत पोचला होता. पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात त्याची सातही विजेतेपदे गेली, ती गोष्ट वेगळी. तो वाचला तो इंडियानात, आइनहॉर्न यांच्याच विद्यापीठात.

उशिरा येऊनही वाचता येत असेल, तर घाई कशाला, असे कुणी म्हणेल. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०११ साली लक्षणे नसलेल्या पुरुषांच्या सरसकट तपासणीविरुद्धच मत दिले. आजार विरळा, उपचार प्रभावी, आणि साध्या गाठींनी विनाकारण धास्ती. हा युक्तिवाद खोटा नाही. पण तो आकड्यांच्या हिशेबाचा आहे. एका माणसापुरता हिशेब निराळा असतो. लवकर आलेल्याला बहुधा एक शस्त्रक्रिया आणि नंतरची देखरेख पुरते. उशिरा आलेल्याला सिस्प्लॅटिनची तीन-चार आवर्तने घ्यावी लागतात, आणि कानांतला नाद, बोटांचा बधिरपणा, मूत्रपिंडांवरचा ताण यांपैकी काहीतरी जन्मभर सोबत राहू शकते. म्हणून दर महिन्याचे व्रत नसले तरी चालेल. आपले शरीर एरवी कसे असते, हे मात्र ठाऊक हवे.

त्याला मिनिटभर पुरते. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर त्वचा सैल असते. प्रत्येक वृषण अंगठा आणि बोटे यांच्यामध्ये हलके फिरवून पाहावे. एक थोडे मोठे किंवा खाली असणे स्वाभाविक. मागच्या बाजूला लागणारी मऊ दोरीही स्वाभाविकच. न दुखणारी टणक गाठ, बदललेला आकार, जडपणा जाणवला, तर डॉक्टरांकडे जावे. सोनोग्राफी आणि रक्ततपासणीने बरेच कळते. शस्त्रक्रिया जांघेतून करतात, आणि एक वृषण उरले तरी पुरुषपण, बहुतेकदा पितृत्वही, अबाधित राहते. उपचारांआधी वीर्य साठवून ठेवण्याची सोयही आहे.

आपल्याकडे अडचण आहे ती शब्दाची. ‘वृषण’ पुस्तकातला, बाकीचे शब्द शिवीतले. आईला किंवा बायकोला सांगायला मधला शब्दच नाही. त्यातून पूर्व विदर्भात हत्तीरोगामुळे अंडवृद्धी ओळखीची, त्यामुळे सूज दिसली की ‘पाणी भरलंय’ म्हणून गप्प बसणे सोपे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७पासून १९५३पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले ते हाच मधला शब्द घडवण्यासाठी. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले.

प्लॅटिनम, जपानची माती आणि सदाफुली यांनी आपापले काम पन्नास वर्षांपूर्वीच केले. वीस-बावीस वर्षांच्या मुलाने ‘इथे काहीतरी लागतंय’ एवढे म्हणणे, आणि घरात ते कुणी न हसता ऐकणे, हे काम मात्र औषधाच्या कुपीत भरून मिळत नाही.