मऊ प्रकाशाचे ओझे : कापड, वारा आणि रेतीची थैली

#इतिहास_धागा

१/१३
वैशाखात नरखेड तालुक्यात दोन गोष्टी हमखास येतात : लग्ने आणि वावधन. मोवाड असो वा जलालखेडा, हळदीच्या अंगणात छायाचित्रकाराचे काळे अष्टकोनी छत्र उभे असते. पुढे पांढरे कापड, आत फ्लॅश, खाली तीन पायांचा स्टँड. हाच सॉफ्टबॉक्स. वाऱ्याची एक झोत आली की तो कलतो, आणि त्याच्या खाली बहुधा लहान मुले बसलेली असतात. हे साधन एवढे मोठे का आणि ते उभे कसे ठेवावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे छायाचित्रणाच्या इतिहासात सापडतात.

२/१३
प्रथम 'मोठे का' ते पाहू. सूर्य प्रचंड असला तरी आपल्याला तो आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून उन्हातली सावली धारदार पडते. ढग आले की सारे आकाशच दिवा होते आणि सावलीची कड विरघळते. प्रकाश मऊ हवा असेल, तर चेहऱ्याच्या मानाने त्याचा उगम विस्तीर्ण हवा. याला पळवाट नाही. त्यामुळे मऊ प्रकाश हवा असणाऱ्या प्रत्येक पिढीला एकच प्रश्न पडला : एवढा पसारा पेलायचा कोणी?

३/१३
पहिले उत्तर होते, इमारतीने. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील अग्रणी भारतीय छायाचित्रकार. तेव्हाच्या स्टुडिओंत उत्तरेकडे काचेचे छत किंवा काचेची भिंत ठेवण्याचा प्रघात होता, कारण उत्तरेचा प्रकाश शांत असतो. काचेखाली पडदे असत; ते सरकवून प्रकाश कमी-अधिक करीत. भार भिंतींवर होता. कोसळण्याची चिंता नव्हती.

४/१३
चित्रपट आला आणि भिंती अपुऱ्या पडल्या. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याचे चित्रण सूर्यप्रकाशावर विसंबून होते. त्या काळी जगभर उघड्यावरच्या सेटवर कापड ताणून ऊन चाळून घेत. आता कापड थेट वाऱ्याच्या तोंडी आले. भार गेला बांबूंवर आणि दोरांवर.

५/१३
दोर-कापडाची ही विद्या महाराष्ट्राला नाटकाने आधीच शिकवली होती. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. येथून दिवा आकाशातून उतरून माणसाच्या हाती आला, आणि त्याचे वजनही.

६/१३
त्यांच्याच तालमीत वाढलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्यास आली. आज तेथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. बोलपटाच्या स्टुडिओत दिवे मोठ्या संख्येने लागत. ते छताला दोरांनी टांगलेल्या लाकडी फळ्यांवर बसवीत. स्टुडिओच्या बोलीत या फळ्यांना 'तराफा' म्हणतात. भार पुन्हा इमारतीकडे गेला, पण आता तो माणसांच्या डोक्यावर लटकत होता. येथे गाठ बांधणारा कामगार छायालेखकाइतकाच मोलाचा ठरला.

७/१३
१९५६ च्या 'अपराजितो'साठी सुब्रत मित्र यांना स्टुडिओत बनारसच्या वाड्याचे अंगण उभे करायचे होते. अंगणात प्रकाश वरच्या आकाशातून झिरपतो. त्यांनी सेटवर पांढरे कापड ताणले आणि खालून दिवे त्यावर मारून परावर्तित प्रकाश घेतला. कापडाचे आकाश! सॉफ्टबॉक्समागचे तत्त्व याहून वेगळे नाही.

८/१३
इकडे फ्लॅशही बदलत होता. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर आली, १९२९ च्या सुमारास काचेचे फ्लॅश बल्ब आले, १९३० च्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घडवला. मग पांढऱ्या छत्र्या आणि घडी होणारे सॉफ्टबॉक्स. काचेचे छत पिशवीत मावू लागले. मात्र भिंत, बांबू, दोर सारे गेले. संपूर्ण भार आता एका स्टँडवर.

९/१३
हा भार किती? १२० सेंटिमीटरच्या सॉफ्टबॉक्सचे तोंड सुमारे १ चौरस मीटर. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर साधारण २ किलोंचा रेटा बसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणजे ८ किलो. जहाजाचे शीड याच हिशेबाने चालते. फरक एवढाच, की शिडाखाली जहाज असते.

१०/१३
आता तीन पायांचे गणित. पायांची टोके जोडली की त्रिकोण होतो. मध्यापासून पायाचे टोक अर्धा मीटर असेल, तर दोन पायांमधली कड केवळ पाव मीटरवर येते. दिवा २ मीटर उंच आणि रेटा २ किलो असताना स्टँड कडेच्या बाजूला न कलण्यास तळाशी एकूण १६ किलो वजन लागते. पायाच्या दिशेने रेटा असल्यास ८ किलो पुरते. म्हणून एक पाय नेहमी सॉफ्टबॉक्सच्या तोंडाखाली ठेवावा, कारण पुढे झुकलेले वजनही तिकडेच ओढते. उघड्यावर वाऱ्याची दिशाही पाहावी.

११/१३
बांधणीचा क्रम असा. सॉफ्टबॉक्सच्या काड्या स्प्रिंगसारख्या ताणलेल्या असतात. समोरासमोरच्या जोडीने बसवाव्यात आणि चेहरा बाजूला ठेवावा. निसटलेली काडी डोळ्याला लागते. स्टँड सर्वांत खाली असतानाच दिवा आणि सॉफ्टबॉक्स जोडावा, कडी बसल्याचा आवाज ऐकावा, हाताने ओढून पाहावे. मगच उंची वाढवावी. जाड नळी आधी, बारीक शेवटी. मोठ्या सॉफ्टबॉक्सचा भार दिव्याच्या सांध्यावर न टाकता कंसावर टाकावा.

१२/१३
रेतीची थैली पायावर टेकवून ठेवावी. लोंबती ठेवल्यास ती झुलते आणि स्टँडही झुलवते. वायर स्टँडच्या तळाशी बांधावी, म्हणजे पाय अडकला तरी ओढ वरपर्यंत जात नाही. मॉडेलिंग दिवा तापतो. कापडाला टेकू देऊ नये आणि हवेची फट बंद करू नये. अंगणात एक माणूस स्टँडपाशी उभा हवाच. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात वरच्याच हिशेबाने ३२ ते ६४ किलो वजन लागते. एवढी रेती कोणी नेत नाही. तेव्हा सॉफ्टबॉक्स उतरवावा आणि नवरीला ओसरीत, पांढऱ्या भिंतीजवळ बसवावे.

१३/१३
ती पांढरी भिंतही एक मोठा दिवाच आहे, आणि ती पडत नाही. दीड शतकापूर्वीच्या काचघरातील छायाचित्रकारास हे ठाऊक होते. आपल्या गावात उत्तरेकडे मोठी काच असलेला जुना फोटो स्टुडिओ अजून उभा असेल, तर त्याचे छायाचित्र आणि गावाचे नाव या धाग्याखाली अवश्य नोंदवा. अशा वास्तू झपाट्याने नाहीशा होत आहेत.