कृपा फाउंडेशन

दारू व अमली पदार्थांच्या व्यसनावर उपचार करणारी संस्था. मुंबईचे कॅथलिक धर्मगुरू फादर जोसेफ परेरा यांनी 1981 मध्ये तिची स्थापना केली आणि वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारातून काम सुरू झाले.

व्यसन हा आता मनोविकारशास्त्राने मान्य केलेला आजार आहे. त्या काळी तो सर्रास नैतिक अधःपात समजला जाई. अशा वेळी एका पाद्र्याने प्रवचन बाजूला ठेवून उपचार हाती घ्यावेत, हे विशेषच. उपचारांचा गाभा म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसची बारा पायऱ्यांची पद्धत. अमेरिकेत 1935 मध्ये सुरू झालेल्या या चळवळीवर ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती गटाचा ठसा होता, मात्र देव कोणता मानायचा हे तिने ज्याच्या त्याच्यावर सोडले. परेरा यांनी तिला योगाची जोड दिली. ते पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. चर्चच्या छायेत आसने आणि प्राणायाम, हे चित्र दोन्हीकडच्या कर्मठांना खटकण्यासारखेच!

पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण हे याच क्षेत्रातले दुसरे ठळक नाव. 

श्रद्धा औषधाला पूरक ठरते, पर्याय नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचारांत धर्मावरून भेदभाव करता येत नाही. परेरा यांना 2009 मध्ये पद्मश्री मिळाली.