दुखतं सांध्यात, अडतं तळहातात

बोट वाकवलं की अडकतं, सरळ करताना खटकन सुटतं आणि मधला सांधा ठणकतो. म्हणजे सांध्यात वात भरला. हे मत घरोघरी आहे आणि ते उगाच रुजलेलं नाही. त्रास बहुधा चाळिशीनंतर होतो, सकाळी बोट जास्त आखडतं, कोमट पाण्याने बरं वाटतं. त्यात एक्स-रे काढला तर त्या वयात थोडीफार झीज दिसतेच, मग शंकाही उरत नाही.

पण झीज दिसली म्हणून तीच बोट अडवते, हे सिद्ध होत नाही. अनामिका अडकत असेल तर तिच्या मुळाशी, तळहातावर अंगठा दाबून धरा आणि बोटाची हळूहळू उघडझाप करा. बहुतेकदा एक दुखरी गाठ अंगठ्याखाली सरकते. फ्रेंच डॉक्टर नोटा यांनी तिचं वर्णन १८५० सालीच केलं होतं. ती असते बोट वाकवणाऱ्या कंडरेवर. ही कंडरा हाडाला धरून ठेवणाऱ्या कड्यांमधून जाते. त्यांतली तळहातातली पहिली कडी जाड होते आणि गाठ पडलेला दोरा सुईच्या नेढ्यात अडावा तशी कंडरा अडते. वाकवणारे स्नायू दणकट, ते गाठ ओढून नेतात. सरळ करणारे त्या मानाने दुबळे, म्हणून परतताना बोट अडतं. कळ मात्र मधल्या सांध्यात जाणवते आणि सगळी फसगत तिथेच होते.

चुकीच्या जागी महिनोन्‌महिने तेल चोळण्यात, बोट खेचून मोडण्यात वेळ जातो. दीर्घकाळ वाकलेला सांधा मग खरोखरच आखडतो. शिवाय बोट अडकण्याचा हा विकार मधुमेहींत कितीतरी अधिक आढळतो, म्हणून साखर तपासायलाच हवी. वाताच्या नावाखाली ती तपासणी राहून जाते, याचं मला सर्वांत वाईट वाटतं.

सुरुवातीला काही आठवडे पट्टी बांधून बोटाला विश्रांती द्यावी. स्टिरॉइडच्या इंजेक्शनला लोक घाबरतात, पण कंडरेच्या आवरणात दिलेलं एखादं इंजेक्शन म्हणजे वर्षानुवर्षं गोळ्या घेणं नव्हे. अनेकांना तेवढ्याने आराम पडतो. मधुमेहींत गुण कमी येतो आणि काही दिवस साखर वाढते, हे आधी सांगितलं पाहिजे. शस्त्रक्रियेत ‘शीर कापतात’ हा समजही खोटा. जागा बधिर करून कडी तेवढी मोकळी करतात, कंडरा शाबूत राहते.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मान्य करायला हवा. अनेक सांधे सुजले असतील आणि बरीच बोटं एकदम अडकत असतील, तर संधिवाताची रक्ततपासणी आधी करावी. अशा रुग्णांत ती कडी सरसकट कापत नाहीत.